बैलाचं पित्त, बारा कार्बनचं शेपूट

डोळे मिटायची गरज नाही. आपण जिथे उतरतोय तिथे अंधारच आहे.

हात पुढे करून चाला. भिंत गार लागेल, थोडी ओलसरही. अंगावर लोकरीचा जाड कोट आहे, त्याची कॉलर मानेला टोचतेय, आणि पायातले बूट दगडी फरशीवर इतके वाजतात की चोरपावलांनी चालणं जमायचंच नाही. साल 1878, गाव हायडेलबर्ग. बाहेर नेकर नदी वाहतेय, डोंगरउतारावर तांबड्या दगडाचा पडका किल्ला उभा आहे, आणि याच गावात रॉबर्ट बुन्सेन अजून रसायनशास्त्र शिकवतोय. ते सगळं नंतर बघू. आत्ता नाकाकडे लक्ष द्या, कारण इथे आलेल्या माणसाचं आधी नाक जागं होतं.

तो कुबट, पोटात ढवळून आणणारा वास शेजारच्या खोलीतला आहे. तिथे कोमट पाण्यात स्वादुपिंडाचा रस मांसाचे तुकडे पचवत बसलाय. संस्थेचे प्रमुख विल्हेल्म क्यूने यांना पचनक्रियेचा ध्यास आहे. ‘ट्रिप्सिन’ हे नाव त्यांनीच दिलेलं. इथे काम करणाऱ्यांच्या कोटाला, केसांना, डब्यातल्या पावालासुद्धा हा वास धरतो. चार दिवसांत तुम्हाला तो येईनासा होईल. घरच्यांना मात्र येत राहील. त्याच्याखाली आणखी एक वास आहे, कडवट, थेट जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. तो बैलाच्या पित्ताचा. तो विसरू नका, कारण त्याच्यासाठीच आपण इथवर आलोय.

आता दार उघडा, आणि आत शिरताच चटकन लावून घ्या.

खोलीत एकच ज्योत आहे. बुन्सेनच्या बर्नरमध्ये मीठ धरलंय आणि त्याचा पिवळा, सपाट उजेड पडलाय. समोरच्या माणसाचा चेहरा राखाडी दिसतो, ओठ काळे. स्वतःचा हात बघा: नखांखालची लाली पार पुसली गेलीय. या उजेडात जगात दोनच रंग उरतात, पिवळा आणि काळा. खिडकी नाही, गॅस सतत जळतोय, लोकरीच्या आत घामाच्या धारा लागल्यात. तरीही कुणी दार उघडत नाही. ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप आहे ती दिवसाच्या उजेडात काही क्षणांत विझून जाते.

ती गोष्ट म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातला लाल रंग. दोन वर्षांपूर्वी रोममध्ये फ्रान्झ बोलने पाहिलं की काळोखात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लालबुंद असतं आणि उजेड लागला की फिकं पडतं. क्यूने ते वाचून पेटून उठले. आता त्यांना तो रंग डोळ्यातून बाहेर काढून काचेच्या नळीत हवाय.

चला, तुम्हीही बसा. बेडूक अंधाऱ्या पेटीत आहेत, त्यांची फडफड ऐकू येतेय. एक उचला. गार, बुळबुळीत, मुठीतून निसटायला बघणारा. कात्रीचा एकच आवाज होतो. मग डोळा काढायचा, मधोमध कापायचा, आणि चिमट्याच्या टोकाने मागचा पडदा सोलून घ्यायचा. पडदा तुमच्या करंगळीच्या नखाहून लहान आहे, ओला आहे, आणि चिमट्याला असा चिकटतो की झटकला तर हरवतो. एका डोळ्याने काही होत नाही. पुढचा. मग पुढचा. थोड्या वेळाने मान आखडते, बोटांना बेडकाचा वास येतो, आणि बशीत काळसर दिसणारा ओला चिखल साठतो.

त्या चिखलातून रंग सुटत नाही, ही खरी अडचण आहे. पाणी घाला, रंग पडद्यालाच चिकटून राहतो. मिठाचं पाणी घाला, तेच. अल्कोहोल घाला, रंग मरतो. तीव्र आम्ल घाला, मरतो. म्हणजे जे सौम्य आहे त्याला रंग दाद देत नाही, आणि जे जोरकस आहे ते त्याला मारूनच टाकतं. पुढची शंभरहून जास्त वर्षं कित्येक माणसं याच पेचाशी झुंजणार आहेत, आणि तुम्ही त्या रांगेत अगदी पहिल्या टेबलापाशी बसला आहात.

पचनाचा अभ्यासक असल्यामुळे क्यूने यांच्या हाताशी पित्त होतंच. आतड्यात चरबी पाण्यात मिसळायची ती पित्तामुळे. पण कच्चं पित्त हिरवं, घाण आणि कडू. त्यात लाल रंग दिसणार कसा? म्हणून ते आधी स्वच्छ करावं लागतं. त्या काळची रीत अशी की पित्त आटवायचं, हाडांच्या कोळशाने त्याचा हिरवेपणा घालवायचा, अल्कोहोलमध्ये उतरवायचं आणि ईथर घालून त्याचे क्षार खाली बसवायचे. ईथरची बाटली उघडली की डोकं हलकं होतं, गोडसर गुंगी चढते, आणि जळत्या गॅसच्या इतक्या जवळ हे करू नये असं मनात आल्यावाचून राहत नाही. हाती येतात पांढरे चकचकीत स्फटिक.

ते पाण्यात विरघळवा, बशीत ओता आणि हलक्या हाताने ढवळा. थांबा. मग गाळा.

नळीत काहीतरी उतरलंय. या पिवळ्या उजेडात ते नुसतं गडद दिसतं. क्यूने नळी उचलतात आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात एक क्षण धरतात. त्या एका क्षणात तुम्हाला दिसतो तो नितळ, किरमिजी लाल. गाळ नाही, तुकडे नाहीत, आरपार दिसणारं लाल पाणी. आणि तुम्ही बघत असतानाच ते पिवळट होतं, फिकं पडतं, आणि पाण्यासारखं होऊन जातं. ज्या उजेडात ते दिसतं तोच उजेड त्याला संपवतो.

या खोलीत कुणालाही अजून ठाऊक नाही की तो रंग धरून ठेवणारं एक प्रथिन आहे, ते डोळ्यातल्या पेशींच्या स्निग्ध पडद्यात आरपार रुतलेलं असतं, आणि त्याची कंबर तेलकट असल्याने ते पाण्यात यायला तयार नसतं. पित्ताचा क्षार म्हणजे एक चपटा रेणू. त्याची एक बाजू तेलाला धरते, दुसरी पाण्याला. त्याने पडद्याची चरबी सोडवली, प्रथिनाच्या कमरेभोवती स्वतःचा पट्टा बांधला आणि त्याला जिवंत पाण्यात उतरवलं. पडद्यातलं प्रथिन डिटर्जंटने बाहेर काढण्याची ही जगातली अगदी सुरुवातीची वेळ, आणि ती तुम्ही घामाघूम होऊन पाहिलीत.

पण पित्त बैलाने स्वतःच्या जेवणासाठी बनवलेलं आहे. बेडकाच्या डोळ्याला ते मानवलं हे नशीब. दुसऱ्या प्रथिनाला नाही मानवलं तर? मग निसर्गात शोधत फिरायचं. डिजिटॅलिसच्या झाडातून डिजिटोनिन मिळालं. आपल्या रिठ्याला फेस येतो तो ज्या कुळातल्या पदार्थांमुळे, त्याच सॅपोनिनांच्या कुळातलं. ते फार सौम्य, पण झाडातून काढलेलं असल्याने दर बाटलीचा गुण वेगळा. पुढे कारखान्यांतून ट्रायटन आणि ट्वीन आले. स्वस्त आणि मुबलक, पण धुण्या-मिसळण्यासाठी बनवलेले. कुणा प्रथिनाची प्रकृती बघून डिटर्जंट घडवावा, हा विचार अजून रुजायचा होता.

कोट बदला. आता लोकरीचा नाही, पिसांनी भरलेला, कारण आपण 1970च्या दशकाच्या शेवटी मिशिगनमध्ये उतरतोय आणि बाहेर बर्फ आहे. ईस्ट लान्सिंगचं मिशिगन स्टेट विद्यापीठ. रेड सीडर नदीच्या काठावर पांढरं गोठलेलं गवत, श्वासाची वाफ, आणि इमारतीत पाय टाकताच तोंडावर येणारी हीटरची कोरडी ऊब. चष्मा असेल तर पुसा, काही दिसणार नाही.

ही ऊब फार वेळ मिळायची नाही. तुमचं काम कोल्ड रूममध्ये आहे.

कत्तलखान्यातून गाईबैलांची हृदयं आलीत, बर्फात पुरलेली. एकेक उचला, वाटतं त्याहून जड असतं. चरबी आणि शिरा कापून टाका, लाल स्नायू तेवढा ठेवा, मग किमा, मग ब्लेंडर. पातं फिरू लागलं की कानठळ्या बसतात, गुलाबी फेस वर चढतो, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांवर लोखंडासारखा रक्ताचा वास बसतो. मग सेंट्रिफ्यूजची घरघर. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत खाली तपकिरी गाळ जमतो: हृदयाच्या पेशींतले मायटोकाँड्रिया. त्यांच्या पडद्यात ते प्रथिन आहे ज्याच्यापाशी तुमचा प्रत्येक श्वास येऊन संपतो. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. तुम्ही आत घेतलेला ऑक्सिजन याच्याच हातून पाणी होतो.

शीला फर्ग्युसन-मिलर यांच्या गटाला हे प्रथिन हवंय, पण मेलेलं नको. पडद्याबाहेर काढल्यावरही ते श्वास घेताना दिसलं पाहिजे. आणि हाताशी असलेले डिटर्जंट एक तर त्याचे गठ्ठे करतात, नाही तर त्याला सुस्त करतात. ट्रायटनमधला वलयाचा भाग प्रथिन मोजायच्या प्रकाशातच आडवा येतो. नव्याने आलेला ऑक्टिल ग्लुकोसाइड दिसायला देखणा: एका टोकाला साखरेचं डोकं, दुसऱ्या टोकाला आठ कार्बनचं शेपूट. पण या प्रथिनाला तो झेपत नाही.

मग आता करायचं काय? शेपूट लांब करायचं आणि डोकं मोठं करायचं. ग्लुकोजच्या जागी माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोज जोडलेली साखर, आणि आठऐवजी बारा कार्बन. हे बारा कार्बन तुमच्या ओळखीचे आहेत. कोकणातल्या घरात बरणीत भरून ठेवलेल्या खोबरेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळजवळ अर्धं लॉरिक आम्ल असतं, आणि ही त्याच बारा कार्बनांची साखळी. म्हणून या नव्या रेणूचं नाव लॉरिल माल्टोसाइड.

कोल्ड रूममधून बाहेर या, हात चोळा, आणि फ्यूम हूडपाशी उभे राहा. इथे दुसराच वास आहे. साखरेला ब्रोमीन जोडताना निघणारी आंबट, झोंबणारी वाफ, घशात खवखव. त्यात मेणचट, स्निग्ध लॉरिल अल्कोहोल. चांदीचं कार्बोनेट टाकून ढवळत ठेवायचं, मग गाळायचं, साखरेवर चढवलेली झाकणं रसायनाने उतरवायची, आणि मग लांब काचेच्या स्तंभातून थेंब थेंब जाऊ द्यायचं. या स्तंभापाशी घाई करणाऱ्याचं पुढचं सगळं फसतं. साखर आणि शेपूट दोन प्रकारे जोडले जाऊ शकतात, आणि चुकीच्या बाजूने जोडलेले रेणू मिसळून राहिले तर प्रथिनाशी वागणारा डिटर्जंट नक्की कोणता हे कळत नाही. इथे बसलेला विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत नळ्या बदलतोय. खिडकीवर बर्फ आपटतोय, कॉफी केव्हाच गार झालीय. शेवटी हाती येते चिमूटभर पांढरी पूड. पाण्यात टाकून हलवा: फेस! अगदी साबणाचा फेस. तरी ही पूड भांडी घासायला कुणी वापरणार नाही, एवढी ती महाग आणि कष्टाची.

आता परीक्षा. छोट्या काचेच्या कोठीत हिरवट तपकिरी प्रथिन, त्यात नवा डिटर्जंट, वर सायटोक्रोम सी, आणि इलेक्ट्रॉन पुरवायला ॲस्कॉर्बेट म्हणजे तुमचं क जीवनसत्त्व. कोठीत ऑक्सिजन मोजणारी काडी बुडवलीय. शेजारी कागदाचं भेंडोळं सरकतंय आणि त्यावर पेन रेघ ओढतंय. आधी रेघ सरळ जाते. मग कुणीतरी प्रथिनाचा थेंब सोडतं.

पेन खाली झुकतं. नुसतं झुकत नाही, घसरत सुटतं. कागदावर खरखर आवाज होतो आणि सगळे वाकून बघतात. प्रथिन ऑक्सिजन पितंय, इतर कुठल्याही डिटर्जंटमध्ये प्यालं नव्हतं इतक्या वेगाने. ते गठ्ठ्यातही नाही. एकाच मापाने, सुटं, पाण्यात मोकळं फिरतंय. हे निबंधरूपात 1980मध्ये छापून आलं, सोबत डिटर्जंट बनवायची सोपी रीतही दिली गेली, म्हणजे कुणालाही आपल्या प्रयोगशाळेत करून बघता यावं. माझ्या मते त्या काळातलं हे फार कमी गाजलेलं आणि अतिशय उपकारक काम. आज जगात कुठल्याही पडद्यातल्या प्रथिनावर काम करणाऱ्याकडे जा, फ्रीजरमध्ये याची बाटली सापडतेच.

वाटेत म्युनिकजवळ मार्टिन्सरीडला थोडं थांबू. हार्टमुट मिशेल अंधाऱ्या खोलीत काचेच्या कुपीकडे टक लावून बसलाय. प्रकाश खाऊन जगणाऱ्या जिवाणूच्या प्रथिनाचे स्फटिक त्याला हवेत, आणि इथे लॉरिल माल्टोसाइड उपयोगी नाही. त्याचा पट्टा इतका रुंद की प्रथिनं एकमेकांना शिवतच नाहीत, आणि न शिवता स्फटिक रचला जात नाही. म्हणून मिशेलने आखूड पट्टा निवडला: शाम्पूत वापरतात त्या कुळातला एलडीएओ, आणि पट्टा आणखी आवळायला हेप्टेनट्रायॉल नावाचा चिमुकला रेणू. कुपीत काळेशार, टोकदार स्फटिक उगवले. त्यांच्यावरून योहान डायझेनहोफर आणि रोबेर्ट हुबर यांच्यासोबत त्याने प्रथिनाची रचना उलगडली, आणि 1988चं नोबेल तिघांना मिळालं. जिवाणूचं हे प्रथिन आखूड पट्ट्यात तग धरण्याइतकं कणखर होतं. माणसाच्या शरीरातली बहुतेक प्रथिनं तशी नाहीत. पट्टा आवळला की ती कोसळतात.

म्हणून शेवटचा मुक्काम विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचा. इथे सॅम्युएल गेलमन यांच्या प्रयोगशाळेत पिल सोक चे नावाचा रसायनतज्ज्ञ कागदावर आकृत्या काढतोय. त्याचं म्हणणं साधं आहे: साध्या डिटर्जंटचे रेणू सुटे असतात, सतत प्रथिनाला चिकटतात आणि सुटतात, आणि सुटले की तेवढ्यात प्रथिनाचा तोल जातो. मग दोन रेणूंना एकत्र का बांधू नये? लॉरिल माल्टोसाइडचे दोन रेणू मधल्या एका कार्बनने जोडायचे, जसं दोन बैलांच्या मानेवर एकच जू. एक बैल थबकला तरी दुसरा ओढत राहतो, आणि दोघांपैकी कुणीच एकटा कुठे भटकत नाही. दोन साखरेची डोकी, दोन शेपट्या, मधला कार्बन पक्का. हा एमएनजी.

त्याची कसोटी स्टॅनफर्डला ब्रायन कोबिल्का यांच्या प्रयोगशाळेत झाली, आणि प्रथिन निवडलं होतं ॲड्रिनॅलिनचं ग्राहक. घाबरल्यावर तुमच्या श्वासनलिका रुंद होतात त्या याच्यामुळे. दम्याचा पंप ओढला की औषध इथेच बसतं. हे प्रथिन बेडकाच्या डोळ्यातल्या त्या लाल प्रथिनाच्याच घराण्यातलं, पडद्यातून सात वेळा आरपार गेलेलं. तुम्ही नळी हातात घ्या आणि आतलं द्रावण पाण्याने पातळ करत चला, इतकं की डिटर्जंट जवळपास उरू नये. लॉरिल माल्टोसाइडमधलं प्रथिन बघता बघता औषध धरायचं सोडून देतं. एमएनजीतलं धरून ठेवतं. काउंटरच्या पडद्यावर आकडे येत राहतात, आणि खोलीतला कुणीतरी पुन्हा एकदा पातळ करून बघायला सांगतो, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही.

याच एमएनजीच्या आधाराने त्यांनी ग्राहक आणि त्याला आतून चिकटलेलं, निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन ही जोडी शाबूत ठेवली. ती जोडी फार भांडखोर, जराशा धक्क्याने वेगळी होणारी. तिला सांधून ठेवायला लामा या उंटवर्गीय प्राण्यापासून मिळवलेलं छोटं प्रतिपिंडही लागलं. स्फटिक घेऊन ही माणसं शिकागोजवळच्या आर्गॉनला गेली, एक्स-किरणांच्या खोलीबाहेर रात्रभर जागली, आणि 2011मध्ये ॲड्रिनॅलिनचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो याचं पहिलं चित्र जगापुढे आलं.

पण एमएनजी सगळ्यांना चालत नाही. काही प्रथिनं त्यातही रुसतात, आणि एकदा बसला की तो काढणंही अवघड. म्हणून चे आणि त्याचे सहकारी थांबले नाहीत. डिजिटोनिनची सौम्यता हवी, पण झाडातली अनिश्चितता नको, या विचाराने त्यांनी डायोस्जेनिन घेतलं, जे आपल्या मेथीतही असतं, आणि त्याला साखरेची डोकी लावून जीडीएन घडवला. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने प्रथिनं बघणाऱ्यांच्या हाती आज हीच कुपी सर्रास असते.

ती कुपी आता तुमच्या समोर आहे. तराजू शून्यावर आणा, चमचा पूर्ण कोरडा आहे ना बघा, आणि झाकण फार वेळ उघडं ठेवू नका. साखरेच्या डोक्याच्या या पुडी हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि कोल्ड रूममध्ये कुणीतरी तुमच्या द्रावणाची वाट बघतंय.